मुद्देमालातली केबल

मी केबल बोलतेय. विजेची गाडी चार्ज करायची केबल. सध्या मुक्काम पोलीस चौकीतल्या जाळीच्या कपाटात. अंगाभोवती पांढरं कापड, कापडावर लाख, लाखेवर शिक्का आणि गळ्यात एक चिठ्ठी. चिठ्ठीवर माझं नवं नाव आहे : हत्यार.

कापड पुरलं नाही म्हणून माझं एक टोक बाहेर राहिलंय. तेवढ्यावर माझं भागतं. पुढ्यात हवालदाराची पाठ दिसते, त्याच्या पलीकडे बाक, बाकापलीकडे खिडकी, खिडकीतून चौकीचं आवार. आवारात माझी टॅक्सी धूळ खात उभी आहे. उजव्या हाताला कोठडी. तिच्यात माझी मालकीण आहे. ती दिसत नाही, पण तिचा खोकला ऐकू येतो.

आधी माझ्या जन्माचं सांगते, म्हणजे मला हत्यार म्हणणाऱ्यांना निदान लाज वाटायची सोय होईल.

कारखान्यात मला वाकवलं, पिळलं, पाण्यात बुचकळलं, अंगावरून चाक नेलं. जिथे माझ्या काही बहिणी तडकल्या तिथे मी टिकले. माझ्या एका टोकाला भिंतीत घालायचा तीन पिनांचा प्लग, दुसऱ्या टोकाला गाडीच्या तोंडात बसणारी मूठ. तिला गन म्हणतात. का म्हणतात ते म्हणणाऱ्यांना विचारा, तिच्यातून आजवर काही सुटलेलं नाही. प्लगपासून हातभर अंतरावर माझा डबा. विटेएवढा, विटेसारखाच जड. त्याला एकच काम शिकवलंय. वीज वाट सोडून माणसाच्या अंगात शिरतेय असं जाणवलं की प्रवाह तोडायचा, पापणी लवायच्या आत. समोरचा भला की बुरा, मालक की भाडेकरू, विचारायचं नाही. तोडायचा.

हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

एका टॅक्सीवालीच्या हाती मी पडले. गाडी कंपनीची, चालवायची हिने. रात्रपाळी. घरात ती आणि तिचे वडील. वडील शिंपी होते, नजर अधू झाली तसं मशीन बंद केलं, पण हाक अजून 'मास्तर' अशीच. घर पहिल्या मजल्यावर. बरोबर खाली, त्यांच्याच हक्काच्या जागेत, टॅक्सी.

सकाळी ती थकून यायची आणि खालून हाक मारायची, "बाबा, सोडा." मास्तर मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून हळूहळू खाली सोडायचे, टोकाशी जीव असल्यासारखे. ती गन गाडीत बसवायची, वर येऊन झोपायची. घरचा मीटर, घरचा सॉकेट, घरची जागा. कोणाच्या बापाचं काही जात नव्हतं.

पण इमारतीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पार्किंगमध्येच बैठक भरली. मी तिथेच लोंबकळत होते, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकला. सोसायटीचे अध्यक्ष खुर्चीवर, बाकीचे उभे.

"उद्या भडका उडाला तर जबाबदार कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझ्याच खिडकीतून जाते हो ती," मास्तर म्हणाले. "पहिला मीच भाजेन."

"तुम्ही भाजाल हो. तुमचं आता राहिलंय काय? आमच्या नव्या फरशीचं काय?"

लोक हसले. शिकलेसवरलेले, नोकरदार, पोराबाळांचे लोक. एक म्हातारा भाजण्याची गोष्ट निघाली आणि त्यांना हसू आलं. जिन्याखाली त्याच वेळी पाण्याच्या पंपाची वायर चिकटपट्टीच्या जोरावर जीव धरून होती. ती अध्यक्षांच्या मेहुण्याने जोडलेली, म्हणून तिच्यापासून कोणालाच धोका नव्हता.

"परवानगीचं काय ते सांगा," टॅक्सीवाली म्हणाली. "खाली सॉकेट बसवू द्या, मी माझ्या खर्चाने बसवते. केबल लटकणार नाही."

"आज तुम्हाला सॉकेट दिला तर उद्या सगळे मागतील."

"मग द्या की सगळ्यांना."

"तोंड सांभाळून बोला," असं अध्यक्ष म्हणाले. ती काय वावगं बोलली ते मला अजून समजलेलं नाही.

अध्यक्षांना एक जावई होता. तो सासऱ्याकडेच राहायचा, व्यायाम करायचा, आणि आरशासमोर नसेल तेव्हा पार्किंगमध्ये असायचा. एका सकाळी फरशी नुकतीच धुतली होती. ओल्या फरशीवर अनवाणी पायांनी तो आला, खिशातून कापायचं पातं काढलं आणि डब्याच्या खालच्या बाजूला मला चिरलं. तेव्हा माझ्यातून वीज वाहत होती. पातं तांब्याला भिडलं, वीज त्याच्या बोटात शिरली आणि माझ्या डब्याने ती तिथल्या तिथे तोडली. पठ्ठ्या फक्त मागे कोलमडला आणि ढुंगणावर बसला.

"बघा," तो ओरडत सुटला, "शॉक मारते ही केबल."

मी मारला असता तर हे सांगायला तू उरला नसतास, बाबा. पण हे त्याला कोण सांगणार.

दुरुस्तीवाल्याने चिरलेला तुकडा काढून मला पुन्हा सांधलं. मी हातभर तोकडी झाले. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून, सुई नाकाशी धरून माझ्या डब्याला जाड कापडाची खोळ शिवली. "आता कोण चिरतो बघू," ते म्हणाले. त्यांची खोळ अजून माझ्या अंगावर आहे. तिच्यावर जे डाग आहेत ते नंतरचे.

पुढची चाल जास्त हुशारीची होती. मास्तर दवाखान्यात गेले होते, ती झोपली होती, आणि कोणीतरी जिन्याखालच्या खोलीत जाऊन त्यांच्या घराचा मेन स्विच पाडला. चार्जिंग अर्धवट राहिलं, तरी फेरी बुडू नये म्हणून ती निघाली आणि रात्री गाडी भर पुलावर थांबली. मागच्या सीटवर विमान गाठायला निघालेला माणूस. त्याने खाली उतरून गाडीच्या दारावर लाथ घातली, तिला आई-बहिणीवरून शिव्या दिल्या आणि कंपनीकडे तक्रार केली. कंपनीने दोन वाक्यांत निकाल लावला. आणखी एक फेरी बुडाली तर गाडी जमा करा.

म्हणजे घराची चूल त्या एका फेरीवर टांगली गेली.

तेव्हापासून मास्तर खिडकीशी स्टूल टाकून बसायला लागले. डोळ्यांत तेल घालून. माझ्यावर एक हात ठेवून. आणि म्हणूनच, जावई पुन्हा आला तेव्हा माझ्या वरच्या टोकाला एक म्हातारा हात होता.

या वेळी त्याने पातं आणलं नाही. त्याने मला दोन्ही मुठींत धरलं, पाय भिंतीला लावला आणि हिसडा दिला. मास्तरांनी मला मनगटाला गुंडाळून घेतलं. "सोड रे, सोड," ते म्हणत होते, पण स्वतः सोडत नव्हते. दुसऱ्या हिसड्याला त्यांचं मनगट खिडकीच्या गजांवर आदळलं. तिसऱ्याला गज आणि मी यांच्यामध्ये सापडलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. तो आवाज माझ्या अंगातून खालपर्यंत गेला. जावयाच्या मुठींना तो कळलाच असणार, कारण क्षणभर त्या सैल झाल्या. मग त्याने चौथा हिसडा दिला. भिंतीतला सॉकेट पाटीसकट उखडला आणि मी खाली पडले.

ती झोपेतून उठून धावत खाली आली. जावई माझ्या डब्यावर टाचा मारत होता. तिने त्याला मागून धरलं, त्याने कोपर तिच्या तोंडावर मारलं, ती पडली, उठली आणि त्याच्या दंडाला चावली. तो किंचाळला. तेव्हा कुठे दारं उघडली. लोक जिन्यात येऊन उभे राहिले. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की ड्रायव्हरबाई जावयाला चावतेय.

पोलीस आले. आत्ता माझ्यासमोर ज्याची पाठ आहे तोच हवालदार. त्याने मास्तरांचा लोंबणारा हात पाहिला, तिचं रक्ताळलेलं तोंड पाहिलं, अध्यक्षांकडे पाणी प्यायला आणि म्हणाला, "शेजारी शेजारी आहात. आपसात मिटवा." एक ओळ लिहिली नाही. दुसऱ्या दिवशी इमारतीच्या फळ्यावर कागद लागला : आवारात कोणीही गाडी चार्ज करू नये. हात मोडू नये, असं कुठे लिहिलं नव्हतं.

घरचं चार्जिंग सुटलं, तशी मी रस्त्यावर आले. गावाच्या कडेला टॅक्सीवाल्यांचा चार्जिंगचा तळ होता. पत्र्याची शेड, भिंतीवर सॉकेटांची रांग, प्रत्येकाने आपापली केबल आणायची. सॉकेट कमी, गाड्या जास्त. पण तिथे अध्यक्ष नव्हता, त्यामुळे कायदा होता.

कायदा वायपरचा. हळू चार्ज होणाऱ्या गाडीला वेळ लागतो. ड्रायव्हर गाडी लावून झोपायला, आंघोळीला, चहाला जातो. गन गाडीच्या तोंडात कुलूपबंद असते, पण भिंतीतला प्लग कोणालाही काढता येतो. म्हणून त्यांनी ठरवलेलं : आपल्यापुरतं चार्जिंग झालं असेल तर जाताना काचेवरचा वायपर उभा करून जायचं. उभा वायपर म्हणजे, माझं झालं, प्लग काढा, विचारू नका. आडवा वायपर म्हणजे हात लावायचा नाही. आडव्या वायपरच्या गाडीचा प्लग काढणं ही तिथे चोरी. अशा एकाला त्यांनी तळावरून कायमचं हाकललं होतं.

कागदावर कुठेही नसलेला हा कायदा सगळे पाळायचे. मोठमोठ्या पाट्या लावणाऱ्यांनी जरा शिकावं.

तिथेच एक ड्रायव्हर होता, त्याला सगळे 'शिट्टी' म्हणायचे. कारण तो सतत शीळ घालायचा. गाडी पुसताना, टायर तपासताना, अंघोळीला जाताना. "अरे, जरा तोंड मिट," लोक म्हणायचे. "मिटलं तर वाजणार कसं?" तो म्हणायचा. तिला पहिल्या दिवशी सॉकेट कोणता ढिला, कोणता पक्का, हे त्यानेच दाखवलं होतं.

मास्तरांना घरी एकटं ठेवायची आता तिला भीती वाटायची. दिवसा ती त्यांना तळावर सोबत आणायची. त्या दिवशीही आणलं. मला भिंतीला लावलं, गन गाडीत बसवली, वायपर आडवा आहे हे स्वतः बघितलं. संध्याकाळी लांबची फेरी होती. कंपनीने बजावून दिलेली. "बाबा, मी आत पडते जरा. तुम्ही इथेच बसा," म्हणाली आणि ड्रायव्हरांच्या खोलीत झोपायला गेली.

मास्तर बसणाऱ्यांतले नव्हते. लेकीच्या गाडीची काच मळलेली त्यांना बघवेना. त्यांनी फडकं ओलं केलं. एक हात प्लास्टरमध्ये, त्यामुळे एकाच हाताने वायपर धरायचा आणि पुसायचं कसं? त्यांनी वायपर उभा केला. काच पुसली, मान तिरकी करून पाहिली, पुन्हा पुसली. मग काच वाळेपर्यंत वायपर तसाच ठेवून ते शेडमागे लघवीला गेले. त्यांना बिचाऱ्यांना तो कायदा माहीत नव्हता. त्यांना कोणी सांगितलाच नव्हता.

शिट्टी आला. त्याची गाडी केव्हापासून खोळंबली होती. त्याने वायपर पाहिला, शीळ घालत माझा प्लग काढला आणि मला नीट वेटोळं करून आमच्याच गाडीच्या आरशावर अडकवलं. डबा वरच्या बाजूला, जमिनीला लागू नये असा. मग स्वतःची केबल लावून तो गाडीत बसला.

मास्तर परत आले. काच वाळली होती. त्यांनी वायपर हलकेच खाली टेकवला, मागच्या सीटवर बसले आणि झोपी गेले. प्लगाकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

ती उठून आली तेव्हा मी आरशावर लोंबत होते आणि वायपर आडवा होता. तिने आत डोकावून चार्जिंग पाहिलं. निम्म्याच्याही खाली. फेरी पूर्ण होणं शक्य नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं आणि मग सगळं एकदम परत चढलं.

"प्लग कोणी काढला?"

"मी," शिट्टी काच खाली करून म्हणाला.

"कोणी पाठवलं तुला? अध्यक्षाने?"

तो हसला. त्याला वाटलं, थट्टा चाललीय. उतरून समोर आला. "पाठवायचं काय त्यात, ताई? तुम्हीच सांगितलं ना?"

तो वायपरबद्दल बोलत होता. तिला ऐकू आलं ते पार्किंगमधल्या बैठकीतलं हसू.

तिने मला आरशावरून ओढलं. माझं एक टोक गाडीत अडकलेलं, दुसरं तिच्या मुठीत. डबा हवेत फिरला आणि त्याच्या तोंडावर बसला. ओठ उभा फाटला. पुढचे दात आत गेले. तो "अहो, वायपर..." एवढंच म्हणाला, तोंडातून शब्दांऐवजी रक्त आलं. दुसरा फटका डोळ्याखाली. तिसरा कानावर. तो खाली बसला, हात वर केले, ती मारतच राहिली. प्रत्येक फटक्याला ती एकेक नाव घेत होती. अध्यक्षाचं, जावयाचं, पुलावरच्या त्या प्रवाशाचं. मार खाणाऱ्याचं नाव त्यात नव्हतं.

आणि माझा डबा काय करणार? प्रवाह बंदच होता. तोडायला काही नव्हतं.

ड्रायव्हर धावत आले. सोडवायला, असं मला वाटलं. कोणीतरी ओरडलं, "वायपर आडवा आहे, आणि याने प्लग काढला." झालं. चोर सापडला म्हटल्यावर लाथा सुरू झाल्या. काल ज्याच्या शिळेवर ठेका धरला होता त्याच्या बरगड्यांत बूट घातले. मास्तर आरडाओरड्याने जागे झाले आणि एका हाताने एकेकाला मागे खेचत राहिले. त्यांनाही ढकलून दिलं.

पोलीस आले तोवर लाथा घालणारे सगळे पसार. उरली ती एकटी, हातात मी. या वेळी हवालदाराने भराभर लिहिलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं, 'चार्जिंगवरून टॅक्सीचालक महिलेचा राडा'. हवालदाराने ते मोठ्याने वाचलं. ती तळावर का आली, तिचं घरचं चार्जिंग कोणी बंद पाडलं, वडिलांचं मनगट कोणी मोडलं, हे विचारायला एकही बातमीदार आला नाही. बूट घालणाऱ्यांचं नाव नाही, जावयाचं नाही. छापलं गेलं फक्त ते, जे पोलिसांनी सांगितलं. बसल्या जागी मिळालेली बातमी ही अशी असते.

आज सकाळी मास्तर लेकीसाठी जेवणाचा डबा घेऊन आले. हवालदाराने थांबायला सांगितलं, म्हणून आवारात गेले. टॅक्सीवर बोटभर धूळ. त्यांनी खिशातलं फडकं काढलं, वायपर उभा केला आणि काच पुसायला लागले.

तेवढ्यात फाटकातून शिट्टी आला. जबाब द्यायला. एका डोळ्यावर पट्टी, ओठ शिवलेला, सुजून पालथा झालेला. तळावर त्याला आता कोणी उभं करत नाही. तो खोटारडा आणि चोर ठरलाय. त्याने मास्तरांना पाहिलं, मग वायपर पाहिला, आणि जागच्या जागी थांबला.

"हे काय करताय?" त्याची जीभ अडखळत होती.

"काच पुसतोय. एका हाताने जमत नाही, म्हणून हा वर ठेवतो."

"त्या दिवशी ठेवला होता?"

"हो. का?"

शिट्टीने म्हाताऱ्याची कॉलर धरली. त्याला टॅक्सीच्या बोनेटवर दाबलं. मूठ वर गेली. मला वाटलं, आता हाही मारणार. मूठ वरच राहिली. "उभा वायपर म्हणजे प्लग काढा," तो दातांच्या फटीतून म्हणाला. "सगळा तळ पाळतो हे. तुमचा उभा होता. मी काढला. मी चोर नाही."

मास्तरांना समजायला वेळ लागला. मग त्यांचा चेहरा असा झाला की शिट्टीची मूठ आपोआप खाली आली.

"चला आत," मास्तर म्हणाले. "मी सांगतो."

दोघं हवालदारासमोर उभे राहिले. शिट्टी म्हणाला, "यांच्या मुलीने मला मारलं, ते खरं. पण वायपर उभा होता, म्हणून मी प्लग काढला. तेही लिहा."

"वायपर?" हवालदार म्हणाला. "वायपर हा काय पुरावा आहे? मारलं का, एवढं सांगा."

"मी उभा केला होता," मास्तर म्हणाले. "तिने पाहिला तेव्हा मी खाली ठेवला होता. दोघांचंही खरं आहे. चूक माझी लिहा."

"काका, काच पुसणं हा गुन्हा नाही. उगाच कागद वाढवू नका."

कोठडीतून आवाज आला. खोकल्याशिवाय तिचा दुसरा आवाज मी कित्येक दिवसांनी ऐकला. "हवालदारदादा," ती म्हणाली, "पहिला फटका मी मारला. पुढचेही मीच. ते लिहा. पण वायपरचंही लिहा. याला चोर नका ठेवू."

शिट्टीने कोठडीकडे पाहिलं नाही. तोंडातून वारं सोडल्यासारखं काहीतरी केलं. शीळ होती का ती? शिवलेल्या ओठातून फक्त हवा आली.

"साहेब आले की बघू," हवालदार म्हणाला आणि पेनाला टोपण लावलं.

साहेब आलेले नाहीत. दोघं समोरच्या बाकावर बसून आहेत. मधे लेकीचा डबा. दोघांपैकी कोणीही उठत नाही.

मी काही दिवसांनी न्यायालयात टेबलावर पडेन. कोणीतरी मला उचलून दाखवेल, हेच ते हत्यार, म्हणेल. मला हत्यार म्हणा, माझी हरकत नाही. माझ्या खोळीवर रक्त आहे आणि ते धुऊन जाणार नाही. मला जो माणूस चिरत होता त्याचाही जीव मी वाचवला, त्याबद्दल मला शाबासकी नको. माझं मागणं एवढंच आहे. पेन तुमच्या हातात आहे, माझ्या नाही. टोपण काढा आणि लिहा : वायपर उभा होता.